जबड्यातून दिसणारं अंगण

मंगोलियाची राजधानी उलान बातरमधल्या चोइजिन लामा मंदिरात, म्हणजे आताच्या संग्रहालयात, जमस्रान या रागीट बौद्ध देवाचा लाल मुखवटा काचेआड ठेवलेला आहे. असले मुखवटे घालून लामा मठाच्या अंगणात नाचतात. समोर आलेली माणसं आधी जराशी थबकतात, मग पुढे होतात आणि मोबाइल वर करून त्याच्या डोळ्यांवर फोकस धरतात. डोळे आहेतच तसे. बटबटीत, खोबणीतून बाहेर आलेले, वर कपाळावर उभा तिसरा. पण असल्या मुखवट्यांचे डोळे बघण्यासाठी नसतातच. त्यांच्यामागे असतं नाचणाऱ्या लामाचं कपाळ, नाहीतर डोक्याला गुंडाळलेल्या कापडाची जाड उशी. लामाची नजर असते पार खाली, सुळ्यांच्या मागे, उघड्या जबड्यात. म्हणजे बघणारे सगळे एकीकडे बघतात आणि आतला माणूस भलतीकडूनच त्यांच्याकडे बघत असतो. काचेबाहेरच्या पाटीवर देवाचं नाव असतं, काळ असतो, कशापासून बनवला ते असतं. बघायचं कुठून, हे कुठल्याच पाटीवर नसतं. एकदा ही गोष्ट कळली की पुढे कुठल्याही संग्रहालयात असा मुखवटा दिसला तरी नजर आधी जबड्याकडे जाते, आणि डोळ्यांनी घातलेली भीती थोडी ओसरून तिथे एक वेगळीच अस्वस्थता येते. आत कोण होतं?

मुखवट्याचा लाल रंग हा मुळी रंगच नव्हे. ती पोवळी आहेत, सहा हजारांहून जास्त, एकाला एक खेटून बसवलेली. पुंत्सग-ओसोर नावाच्या मंगोल कारागिराचं हे काम. पोवळं दिसतं नाजूक, पण आहे ते कॅल्शियम कार्बोनेट, पाण्याच्या अडीचपटीहून जड. आठ मिलिमीटरचा एक मणी धरला तर तो पाऊण ग्रॅमला जरासा कमी भरतो. सहा हजार मण्यांचे झाले सव्वाचार किलो. मणी काही एका मापाचे नसतात, त्यामुळे हिशेब ढोबळ, पण अंदाज यायला पुरेसा. त्याखाली मुखवट्याचं स्वतःचं कवच, वर पाच कवट्यांचा मुकुट, सोनेरी ज्वाळांसारख्या भुवया, दात, सुळे. आणि मणी बसवणं म्हणजे नुसतं चिकटवणं नाही. फुगलेल्या गालावर मण्यांची ओळ सरळ रेषेत नेली की दोन ओळींमध्ये फटी पडायला लागतात, म्हणून ओळ गालाच्या फुगवट्याबरोबर वळवावी लागते. नाकपुडीच्या कडेला, ओठाच्या कोपऱ्यात मोठा मणी बसतच नाही, तिथे बारीक लागतो. म्हणजे कामाला हात घालण्यापूर्वी सगळी पोवळी आकाराप्रमाणे आणि रंगाच्या छटेप्रमाणे वेगळी करून घ्यायची. नाहीतर अर्धा चेहरा झाल्यावर बारीक मणी संपतात आणि नाकाशी येऊन काम अडतं.

मंगोलियाला समुद्र नाही. हे लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं, सार्डिनिया, सिसिली, उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं. इटलीतले कारागीर ते कापायचे, घासायचे, भोकं पाडायचे, आणि मग माळा होऊन ते पूर्वेकडे निघायचं. १८व्या शतकात लिव्होर्नोचे ज्यू व्यापारी लिस्बनमार्गे गोव्याला पोवळी धाडत आणि गोव्यातले सारस्वत व्यापारी त्या बदल्यात हिरे पाठवत. सगळा व्यवहार पत्रांवर, परक्या भाषेत, परक्या धर्माच्या माणसावर विश्वास टाकून. आपल्याकडे पोवळं मंगळासाठी बोटात गेलं, मंगळसूत्रात गेलं. मंगोल गवताळ प्रदेशात ते बायकांच्या शिरोभूषणांत ओळीनं लागलं आणि घराण्याची ऐपत सांगायला लागलं. तिथे एका देवाच्या चेहऱ्यावर हजारो पोवळी खर्ची घालणं म्हणजे काय, हे बघणाऱ्या प्रत्येक बाईला पाटी न वाचता कळलं असणार.

जमस्रानचं तिबेटी नाव बेगत्से. गोष्ट अशी सांगतात, की १५७७ साली सोनम ग्यात्सो हे तिबेटी लामा मंगोल राजा अल्तान खानाच्या भेटीला मंगोल मुलखाकडे निघाले, तेव्हा बेगत्से प्राण्यांच्या तोंडांची भुतावळ घेऊन त्यांच्या वाटेत आडवा आला. लामांनी करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर याचं रूप दाखवलं आणि तो नमला. नमला म्हणजे संपला नाही. ज्या ताकदीनं वाट अडवली तीच ताकद घेऊन राखणीला उभा राहिला. पुढच्या वर्षी भेट झाली, अल्तान खानानं त्या लामांना दलाई लामा ही पदवी दिली, आणि मंगोलांनी हा लाल देव आपलासा केला. म्हणून त्याच्या चेहऱ्यावरचा राग तसाच ठेवलाय, फक्त त्याचं काम बदललंय. जुन्या ब्रिटिश प्रवाशांनी अशा नाचाला सरसकट 'डेव्हिल डान्स' म्हणून टाकलं आणि ते नाव कित्येक संग्रहालयांच्या पाट्यांवर फार वर्षं टिकलं. खरं तर मुखवट्यावरच ओळख लिहिलेली असते. तिसरा डोळा आणि पाच कवट्यांचा मुकुट दिसला, की तो धर्मपाल, म्हणजे धर्माचा राखणदार देव. अज्ञान, द्वेष, गर्व, आसक्ती, मत्सर हे पाच दोष मारून त्यांचा दागिना केला, असा त्या कवट्यांचा अर्थ. पाटी लिहिणाऱ्यानं मुकुटातल्या कवट्या मोजल्या असत्या तर 'राक्षस' हा शब्द पडला नसता.

पोवळ्यांचा मुखवटा हा अपवाद. बाकीचे बनतात कापडाचे, कागदाचे किंवा लाकडाचे.

भूतान-सिक्कीमकडे लाकूड मुबलक, तिथे मुखवटा कोरतात. लडाखात लाकडाची मारामार, म्हणून तिथे कापड आणि माती. आधी चिकणमातीत पूर्ण चेहरा उभा करायचा, भुवया, गालाचे उंचवटे, वळलेली जीभ सगळं. तो नीट वाळू द्यायचा. मग जुन्या सुती कापडाचे तुकडे खळीत किंवा सरसात भिजवून त्यावर थरावर थर. तुकडे लहान घ्यायचे आणि एकावर एक चढवायचे, कारण मोठा तुकडा नाकाच्या बाजूला सुरकुततो आणि ती सुरकुती पुढे रंगातूनही दिसते. हनुवटी, नाकाचं टोक, कानाचं मूळ, दोरी जिथून जाते ती भोकं, इथे थर वाढवायचे. ताण तिथेच येतो. सगळं कडक वाळलं की आतली माती फोडून काढायची आणि हातात एक पोकळ, हलकं, ठणठणीत कवच उरतं. त्यावर खडूची बारीक पूड सरसात कालवून पातळ लेप, वाळला की घासायचा, पुन्हा लेप. शेवटी रंग: लालाला हिंगूळ, पिवळ्याला हरताळ, हिरव्या-निळ्याला दगडांची पूड, भुवयांना सोनं.

बिघडतं ते बहुतेक घाईनं. माती आतून ओली राहिली असताना कापड चढवलं, की वाळताना दोघं वेगवेगळ्या वेगानं आकसतात आणि चेहरा एका बाजूला ओढला जातो. एक थर वाळायच्या आत दुसरा चढवला तर मधे ओल अडकते. वरून मुखवटा छान दिसतो, आत बुरशी धरते आणि वर्षा-दोन वर्षांत थर सुटे होतात. सरस उकळला की त्याचा चिकटपणा जातो. साठ अंशांच्या आसपास, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून, तो नुसता गरम ठेवायचा. आणि सगळ्यात जास्त केली जाणारी चूक म्हणजे वरच्या लेपात जास्त सरस घालणं. वरचा थर खालच्यापेक्षा ताकदीचा झाला, की वाळताना तो खालच्याला धरून ओढतो, तडे जातात, आणि मग रंगासकट खपल्या उचलल्या जातात. नियम उलटा आहे: खाली ताकद, वर नरमाई. संग्रहालयांतल्या जुन्या मुखवट्यांवर नाकाच्या टोकाशी पांढरं उघडं पडलेलं दिसतं, त्यातलं बरंचसं असल्या लेपामुळे गेलेलं असतं. लोक समजतात नाचताना आपटला असेल.

हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग, हरताळ म्हणजे सोमलाचं. रंग उडायला लागलेला मुखवटा साफ करायचा तर हातमोजे आणि नाकावर मास्क लागतोच. शिवाय हिंगूळ उजेडात काळवंडतो. पुष्कळ लाल मुखवटे आज करडे, मळकट तपकिरी दिसतात ते त्यामुळे, आणि थोडंसं लोण्याच्या दिव्यांच्या काजळीमुळे. काजळी काढावी की ठेवावी, यावर जाणत्यांत एकमत नाही. माझ्या मते ठेवावी. तो मुखवट्यावर बसलेला पूजेचा हिशेब आहे. पुसल्यावर उरतो तो फक्त सुबक रंग.

डोळे सगळ्यात शेवटी रंगवतात. पांढरं, त्यावर रक्ताच्या बारीक रेघा, मग बुबुळ. मूर्तीचे डोळे उघडण्याचा जो विधी असतो, त्याच भावनेनं. डोळे देवाचे, त्यामुळे त्यांना भोक पाडून माणसाला त्यात डोकवायला लावणं कारागिराला सुचणारही नाही. माणसासाठी मग जबडा. आणि इथून पुढची सगळी नाचाची गोष्ट त्या जबड्यातून समजून घेता येते.

मुखवटा चेहऱ्यावर नाही, डोक्यावर बसतो. आधी डोक्याला, गालांना, हनुवटीला जाड सुती पट्टा गुंडाळून घ्यायचा, नाहीतर कवचाची कड कानशिलाला कापते. वर माथ्याशी उशी, मग मुखवटा, मग मागून दोऱ्या आवळायच्या. माणसाचं डोकं मुळातच साडेचार-पाच किलोंचं असतं; त्यावर आणखी काही किलो. पाण्याची भरली कळशी बाई डोक्यावरून सहज नेते, कारण ते वजन कण्याच्या रेषेत असतं. मुखवट्याचं वजन नाकाच्या पुढे लोंबतं. दर पावलाला तो मान पुढे ओढतो, आणि ती सावरायला लामा मान किंचित मागे घेतो. मान मागे गेली की मुखवट्याचं तोंड वर होतं. आता जबड्याची फट जर अगदी सरळ समोर कापलेली असेल, तर आतल्याला दिसणार आकाश. म्हणून खालचा ओठ पुढे काढतात आणि उघडीप थोडी खालच्या बाजूला झुकवतात. समोरून बघणाऱ्याला वाटतं देव गुरगुरतोय. आतल्याला त्यातून चार-सहा पावलं पुढची जमीन दिसते.

तेवढीच दिसते. स्वतःचे पाय दिसत नाहीत, बाजूचा नाचणारा दिसत नाही, पायरीवर दाटीनं बसलेले लोक दिसत नाहीत. मंगोलियात या नाचाला त्सम म्हणतात. तिथे अंगणात जमिनीवर पांढऱ्या रेघांची वर्तुळं आखत, एकात एक. त्या वर्तुळांना मंडलाचा अर्थ आहे, तो ग्रंथांत सापडतो. पण आत डोकं घातलेल्या माणसाच्या बाजूनं बघितलं तर ती रेघ म्हणजे रस्ता आहे, आणि मला वाटतं दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे असायला हरकत नाही. तसंच चालीचं. रागीट देव भराभर नाचतील असं वाटतं, प्रत्यक्षात सगळ्यात भयंकर देव सगळ्यात सावकाश हलतात. एक पाय उचलायचा, हवेत थांबवायचा, अंग त्या बाजूला वळवायचं, मग टेकायचा. लडाखात या नाचाला चाम म्हणतात आणि रांगेच्या पुढे असतो तो चाम-पोन, नाचाचा प्रमुख. मागचे त्याच्या चालीवर आणि झांजांच्या ठोक्यावर. कवचाच्या आत आवाज घुमतो, स्वतःचा श्वास कानात मोठा ऐकू येतो, लांब कर्णे नुसती थरथर होऊन पोचतात. झांज तेवढी धारदार येते. म्हणून मोजायचं ते झांजेवर. लडाखातला हेमिस मठ साडेतीन हजार मीटरच्या वर आहे, तिथे समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाएवढीच प्राणवायूची मात्रा, आणि ती हवाही यायची त्याच जबड्यातून. नजर, श्वास, दोन्हींना एकच दार. भरजरी पायघोळ झगा, त्यावर पट्टे, हाडांचा कोरीव जाळीदार साज, आणि वर हे. सावकाश नाचावंच लागतं.

या सगळ्यात एक क्षण असा येतो की जबडा आणि नजर एका जागी येतात. नाचाच्या मध्यावर पिठाची छोटी मानवाकृती जमिनीवर ठेवलेली असते. अहंकाराचा, वैऱ्याचा, सगळ्या अडथळ्यांचा तो पुतळा. नाचणारा त्याच्याभोवती फेर घेतो, गुडघ्यावर येतो, वाकतो आणि शस्त्रानं तो कापतो. इतका वेळ आभाळाकडे बघणारा देवाचा चेहरा आता खाली झुकलेला असतो, आणि सुळ्यांच्या मधल्या फटीत नेमका तो पिठाचा गोळा असतो. लोकांना दिसतं की देव त्याला खायला निघालाय. आतल्या माणसाला तो पहिल्यांदाच नीट दिसलेला असतो.

लेहच्या विमानतळाला लागूनच स्पितुकचा मठ आहे. महाराष्ट्रातून गेलेल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुप टूरच्या कार्यक्रमात तो असतो, आणि ड्रायव्हर सांगतो, "वर काली माता का मंदिर है." लोक पायऱ्या चढून जातात, प्रसाद घेतात. ती काली नव्हे. वरचं ते धर्मपालांचं दालन, तिथे वज्रभैरव आहे, पाल्देन ल्हामो आहे. पण उन्हाळ्यात गेलेल्याला त्यांचे चेहरे दिसतच नाहीत. वर्षभर ते कापडानं झाकलेले असतात. हिवाळ्यात, साधारण जानेवारीत, गुस्तोरचा उत्सव होतो, तेव्हा पडदे उघडतात, आणि अंगणात चामही तेव्हाच. आपले पर्यटक तेव्हा नसतात. अनेकांना या कापडाचा राग येतो, एवढं लांब आलो आणि चेहराच दाखवत नाहीत. संग्रहालयातल्या माणसाला मात्र त्या कापडाचा हेवा वाटावा. अशा नाजूक रंगांना, कापडाला, केसांना दिव्याचा उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर नको, असा सर्वसाधारण संकेत आहे. तेवढाच ठेवला तरी रोज आठ तास, वर्षाचे ३०० दिवस धरले, तर होतात १,२०,००० लक्स-तास. उजेडानं झालेली झीज भरून येत नाही, ती साठत जाते. स्पितुकच्या पडद्याआड हा आकडा शून्याच्या जवळपास राहतो. झाकण्यामागचं कारण अर्थातच वेगळं आहे: उग्र रूप सारखं, कुणीही, कसंही बघायचं नसतं. पण श्रद्धेनं बांधलेलं फडकं लक्समीटरच्या कसोटीलाही उतरतं.

स्पितुकचं आणि मंगोलियाचं एक सरळ नातंही आहे. ज्यांच्या नावाचा लेहचा विमानतळ, ते कुशोक बकुला रिंपोचे स्पितुकचे प्रमुख लामा, आणि १९९० ते २००० ते मंगोलियात भारताचे राजदूत होते. मंगोलिया साम्यवादातून नुकता बाहेर पडत होता. त्याआधीचं जे झालं ते थोडक्यात सांगूनही अंगावर येतं: उलान बातरचा मोठा त्सम शेवटचा झाला १९३७ साली, आणि त्याच सुमारास हजारो लामांना गोळ्या घातल्या गेल्या, सातशेहून अधिक मठ मोडले गेले. चोइजिन लामा मंदिर १९०४ ते १९०८ मध्ये बांधलेलं, पुढे मंगोलियाचा राजा झालेल्या धर्मगुरू बोग्द खानाच्या भावासाठी, जो राज्याचा दैवज्ञ, म्हणजे देववाणी सांगणारा, होता. ते वाचलं, कारण त्याचं संग्रहालय झालं. १९४२पासून तिथे तिकीट काढून लोक जायला लागले. तिकीटघर आलं म्हणून देव गेले, असं म्हणावंसं वाटतं, आणि लगेच लक्षात येतं की तिकीटघर आलं नसतं तर सहा हजार पोवळी कुठे विखुरली असती सांगता येत नाही.

तरी संग्रहालयाशी भांडण आहेच, आणि ते मुखवट्याच्या पाठीबद्दल आहे. मुखवटा भिंतीला लावतात, पाठ भिंतीकडे. खरी माहिती असते पाठीकडे. कापडाची वीण तिथे दिसते, थर कुठे वाढवले ते दिसतं, उशी कुठे होती, दोरी कितीदा बदलली, घामानं कुठलं कापड कडक झालं, जबड्याच्या आतल्या कडेला किती घासलंय. मुखवटा खरंच नाचला की नुसता दालनात पूजेला टांगलेला होता, हे आतून सांगता येतं, समोरून नाही. एक आरसा मागे तिरका बसवला तरी काम भागेल. खर्च फारसा नाही, फक्त जागा जाते आणि मांडणी करणाऱ्याला 'कलाकृती'चा दिमाख कमी झाल्यासारखा वाटतो. टांगण्याबद्दलही तेच. वरच्या कडेला खिळ्यावर अडकवलं की सगळं वजन कवट्यांच्या मुकुटाच्या मुळाशी येतं आणि तिथून तडा सुरू होतो. आतून गादी लावलेला डोक्याच्या आकाराचा आधार द्यावा. मुखवटा ज्यासाठी घडवला तसाच बसवावा.

पोवळ्यांचं दुखणं आणखी निराळं. पोवळं कडक, खालचं कवच हवेच्या दमटपणाप्रमाणे फुगणारं-आकसणारं. मणी फुगत नाही, कवच फुगतं, आणि दोघांच्या मधला सरस दर ऋतूला थोडा थोडा सुटतो. जिथे वळण जास्त तिथला मणी आधी जातो. सुटलेला मणी एपॉक्सीनं किंवा फेव्हिकॉलनं बसवणं हा मोह टाळायचा, कारण पुढे तो सोडवायचा झाला तर खालचा थर घेऊन निघतो. जनावरी सरसच बरा, गरम ओलाव्यानं परत सुटतो. दुसरा शत्रू म्हणजे खुद्द कपाट. एमडीएफ आणि ओकच्या लाकडातून वर्षानुवर्षं आम्लाची वाफ निघत असते. बंद काचेत ती साठते आणि कॅल्शियम कार्बोनेटवर पांढरी पूड चढायला लागते. शंख-शिंपल्यांच्या संग्रहांना हा रोग फार पूर्वीपासून माहीत आहे. पुसली की तात्पुरती जाते, पण ती वरून बसलेली धूळ नसते, पृष्ठभागच खाल्ला गेलेला असतो. त्यावर लिंबू किंवा व्हिनेगरनं चमक आणायला जाणारा माणूस तर पोवळं विरघळवूनच थांबतो. इलाज एकच, धातू आणि काचेचं कपाट.

लेहच्या बाजारातून छोटे कागदी मुखवटे घेऊन येणारे पुष्कळ आहेत. मुंबई-ठाण्यातल्या दिवाणखान्यात ते पहिल्या वर्षी सुरेख दिसतात. लेहला वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस, आपल्याकडे तेवढा जुलैच्या एका दिवसात पडतो. कोरड्या हवेत वाळलेला सरस दमट हवेत फुगतो, आतल्या बाजूला हिरवट-काळे ठिपके येतात आणि खळीच्या वासानं झुरळं येतात. बाहेरच्या भिंतीवर टांगू नये, मागे बोटभर वारा खेळायला जागा ठेवावी, पावसाळ्यात महिन्यातून एकदा उतरवून आतून कोरड्या मऊ ब्रशनं झटकावा. ओलं फडकं अजिबात नको. खडूचा लेप पाण्यानं निघून येतो.

१९९०नंतर मंगोलियात त्सम पुन्हा उभा राहिला, तेव्हा पावलं शिकवायला वाचलेले म्हातारे लामा होते आणि चेहऱ्यांसाठी संग्रहालयातले मुखवटे. चेहरा बघून चेहरा करता येतो. अवघड असतं ते आतलं माप. माणसाचे डोळे डोक्याच्या साधारण मधोमध असतात, माथ्यापासून अकरा-बारा सेंटिमीटर खाली. मुखवट्यात माथ्याच्या उशीपासून वरच्या ओठाच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर याच्याशी जुळलं पाहिजे, नाहीतर कितीही हुबेहूब झाला तरी घालणाऱ्याला मुखवट्याच्या जबड्यातली टाळूच दिसणार. हल्ली फायबरचेही मुखवटे निघालेत. हलके असतात, पण श्वासाची वाफ शोषत नाहीत, आत पाणी धरतं आणि ते नेमकं हनुवटीच्या पट्ट्यात जमतं. कापड-कागद निदान थोडं पिऊन घेतात. म्हणून मुखवटा कशाचाही असो, खडूचा लेप द्यायच्या आधीच घालून बघावा. लेप आणि रंग झाल्यावर जबडा कापायला गेलं तर ओठाच्या कोपऱ्यातून तडा निघतो तो थेट गालात. उशी कापसाची असली तर घामानं आणि वजनानं दबते, आणि मधल्या फेरीपर्यंत मुखवटा दोन बोटं खाली उतरतो. नाचणारा तेव्हा हात लावून तो वर करू शकत नाही, हातात शस्त्र असतं आणि हातांच्या मुद्रा ठरलेल्या असतात. कापसाऐवजी नमद्याचे, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीचे, थर शिवून घेतले तर एवढे दबत नाहीत. आणि नमद्याला मंगोलियात काय तोटा, घरंच त्याची असतात.